ढोके सरांचा टापू

परवा आमच्या समोरच्या घरावर सोलरच्या पाट्या बसल्या. सकाळी दोन पोरं शिडी घेऊन आली, मोबाइलवर गाणी लावून दिवसभर ठोकाठोकी केली आणि संध्याकाळी चहा पिऊन निघूनही गेली. घरमालक एकदाही वर चढला नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मला उगाचच राग येत होता. कुणी धावलं नाही, कुणी भांडलं नाही, कुणाच्या कुरड्यांवर काही कोसळलं नाही, आणि वीज तयार! ढोके सर असते तर त्या पोरांच्या आधी शिडीवर चढले असते आणि संध्याकाळपर्यंत त्यांना दोघांनाही रडवलं असतं.

वामन ढोके सर मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये काढली. काढली म्हणायचं ते माझ्यापुरतं, कारण सर तिथे टिकायचेच नाहीत. खुर्चीच्या कडेला टेकायचे, चहा बशीत ओतायचे आणि अर्धी बशी संपायच्या आत उठून खिडकीशी उभे राहायचे. उंच, हडकुळे, पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप कायमची लावलेली. बोलतानाही तेच. ‘मॅडम, मी काय म्हणून राहिलो, का जर त्या नदीच्या पाण्याले...’ एवढं म्हणून माणूस गायब. उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत यायचं, तेही भलत्याच माणसाच्या वाट्याला. मुलांनी त्यांचं नाव ‘भिंगरी’ ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे पाहून त्यांना एकच प्रश्न पडायचा, ‘याच्यात दम किती?’ नांगराचे बैल असोत, उतारावरून सुटलेली हातगाडी असो, नाहीतर आमच्या छोट्या रेल्वेगाडीचं इंजिन असो. एकदा शनिवारी स्टाफमधले आम्ही सगळे जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. रांग लांबलचक, ऊन रणरणतं. आम्ही पदर नाहीतर रुमाल डोक्यावर घेऊन देवाचं नाव घेत होतो आणि हे गृहस्थ बोट तोंडात ओलं करून डोक्यावर धरून उभे. वारा कुठून येतो ते पाहत होते. मागच्या बाईंनी मला हळूच विचारलं, यांना काही नवस फेडायचा आहे का? मी हो म्हणून सांगितलं. एका अर्थी ते खोटं नव्हतं.

तो नवस म्हणजे टापू.

रामाकोन्याच्या बाजूला कन्हान नदीच्या दोन धारा फुटतात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. त्या दोन धारांच्या मधल्या जमिनीवर वीसेक घरं होती. सरकारी कागदावर त्या वस्तीचं काहीतरी चांगलं नाव होतं, पण सगळे तिला टापूच म्हणायचे. उन्हाळ्यात नदीत पाऊल बुडेल एवढं पाणी, बैलगाडी सहज पलीकडे जायची. एकदा मिरगाचा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत चारी बाजूंनी पाणी. मग जाणं-येणं फक्त डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, आणि पूर असला की तेही बंद. विजेचे खांब रामाकोन्यापर्यंत येऊन थांबलेले. नदीतून तार न्यायला कुणी तयार नव्हतं.

ढोके सर या टापूवर वाढले. त्यांची आई ते लहान असतानाच गेली. थोरल्या बहिणीचं, गोदाबाईंचं, लग्न टापूवरच्या घरात झालं तेव्हा तिनं सासरच्यांना सांगितलं की भाऊ माझ्याबरोबर येईल. नवरीच्या पाठोपाठ तिचा धाकटा भाऊही डोंग्यात बसून सासरी आला. गोदाबाईंना स्वतःला मूल झालं नाही आणि पुढे नवराही लवकर गेला. भाऊ शिकला, मास्तर झाला, सौंसरला त्यानं घर केलं आणि बहिणीला तिथं आणायचा त्यानं हरेक प्रयत्न केला. त्या हलल्या नाहीत. माझं शेत इथं, माझे लोक इथं, एवढंच त्यांचं म्हणणं.

‘बाई येत नाई ना इकडं? मंग वीज जाईन तिकडं. ठरलं मंग!’ असं सर आम्हाला सांगायचे; थोरल्या बहिणीला ते बाईच म्हणत. ‘ठरलं मंग’ हा त्यांचा लाडका शब्द. बाकीच्यांनी होकार द्यायच्या आधी तो म्हणून ते सायकलवर बसलेले असत.

सगळ्यात आधी त्यांनी वारा धरला. तेलाचे डबे कापून पाती केली, सायकलचा डायनॅमो लावला आणि वैशाखात, शाळेला सुट्टी असताना, शाळेच्याच छतावर ते यंत्र उभं केलं. मला आणि माझ्या मिस्टरांना घरातून ओढून नेलं. खरंच तो एवढासा बल्ब दुपारच्या उन्हात मिणमिणत होता. सर छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते, ‘दिसून राहिला ना? दिसून राहिला ना?’ तेवढ्यात वावटळ आली. एक पातं सुटलं आणि शेजारच्या क्वार्टरच्या अंगणात, हेडमास्तरांच्या बायकोनं खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर जाऊन पडलं. त्या माउलीनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण पुढे वर्षभर ढोके सर त्यांच्या फाटकात दिसले की त्या आधी अंगणातलं सगळं वाळवण आत नेत आणि मगच ‘या’ म्हणत.

ते यंत्र मग टापूवर गेलं. पावसाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत उजेडाची खरी गरज, त्या दिवसांत तिथली हवा अगदी पडलेली असायची. पातं ढिम्म हलेना. दोन महिने वाट पाहून गोदाबाईंनी त्या खांबावर दोडक्याचा वेल चढवला. सरांना राग यायला हवा होता, पण ते पिशवीभर दोडके घेऊन शाळेत आले आणि आम्हा सगळ्यांना वाटले. ‘पवनचक्कीचे दोडके हाय, मॅडम. खाऊन तं पाहा.’

मग कुठूनतरी मागून आणलेली सूर्यचूल आली. तिच्यात स्टाफसाठी खिचडी लावली. बाराला लावली, एकला आभाळ आलं आणि चारला आम्ही अर्धे कच्चे तांदूळ तोंडात घोळवत सरांची समजूत काढत बसलो. एका पावसाळ्यात त्यांनी छकड्याच्या चाकाला डबे बांधून नदीच्या धारेत पाणचक्की लावली. ती एक आठवडा फिरली आणि एका पुरात चाकासकट, खांबांसकट वाहून गेली. छकडा ज्याचा होता तो माणूस मात्र सरांना शोधत शाळेपर्यंत आला होता.

हे सगळं ऐकून कुणालाही हसू येईल, आम्हालाही यायचं. पण सरांचा जीव टांगणीला लागलेला होता, हे जवळच्यांना माहीत होतं. त्याच वर्षांत टापूच्या लोकांना या काठावर, रामाकोन्याजवळ, घरासाठी जागा मिळायचं घाटत होतं. तरुण घरं निघायच्या तयारीत होती. त्यांचं काय चुकलं? पावसाळ्यात अंधार, दळण दळायला डोंग्यातून पलीकडे जायचं, नाहीतर बायांनी पहाटेपासून जातं ओढायचं. पण ते गेले असते तर गोदाबाई त्या पाण्याच्या मधोमध एकट्या राहिल्या असत्या. त्या हलणार नाहीत याची सरांना पक्की खात्री होती. म्हणून त्यांना लोकांना थांबवायचं होतं, आणि त्यासाठी पावसाळा संपेपर्यंत टिकेल अशी काहीतरी शक्ती टापूवर हवी होती. ते हाती लागत नव्हतं म्हणून त्यांच्या पायाला भिंगरी होती.

शेवटी गोबरगॅसवर गाडी आली. या वेळी सरांनी घाई केली नाही, म्हणजे त्यांच्या मानानं. चैत्रात टापूवर घरोघर जाऊन गायी, म्हशी, बैल, कालवडी, सगळी जनावरं मोजली. कोणत्या घरून किती शेण येईल ते लिहून घेतलं. ब्लॉक ऑफिसातल्या साहेबांना पटवलं. नदी उतरलेली असतानाच विटा, सिमेंट आणि लोखंडी टाकी बैलगाड्यांतून पलीकडे नेली. सगळ्या टापूनं खड्डा खणला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दिवा लावायचा ठरला. आम्ही दोघं नवरा-बायको नदीतून चालत पलीकडे गेलो. सगळ्यांसाठी एक शेगडी होती आणि घाटाकडच्या उंच खांबावर एक मोठा गॅसचा दिवा. गोदाबाईंनी टाकीला कुंकू लावलं. सर टाकीकडून दिव्याकडे आणि दिव्याकडून टाकीकडे एवढ्या चकरा मारत होते की एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘याले पाय लावून फिरवा लागते काय बावा?’ मग दिवा लागला. पांढराशुभ्र. बाया हात जोडून उभ्या राहिल्या, पोरांनी त्याच्याखाली कबड्डी सुरू केली.  सर माझ्या मिस्टरांचा हात धरून नुसते हलवत राहिले.

मिरग लागला. नदी भरली. श्रावण उजाडेपर्यंत तो दिवा आधी पिवळा, मग निळा, मग नुसता फुसफुसू लागला आणि एके दिवशी गेलाच. लोखंडी टाकी पार खाली बसली. सरांनी नळी तपासली, सांधे साबणाच्या फेसानं तपासले, दोनदा डोंग्यातून जाऊन आले. तिसऱ्या खेपेला मी आणि आणखी एक शिक्षिका बरोबर होतो. सर टाकीपाशी उकिडवे बसले होते आणि गोदाबाई दारात भाजी निवडत होत्या.

‘बाई, ग्यास काहून कमी झाला, काई समजून नाई राहिलं.’

‘शेणच नाई तं ग्यास कुठून येईन?’

‘शेण काहून नाई? एवढी ढोरं मोजली म्या!’

‘ढोरं जंगलात गेली ना रे. मिरगाच्या आंधीच गेली.’

टापूवर पावसाळ्यात प्रत्येक इंच जमिनीवर पीक असतं, चरायला जागा नसते. म्हणून नदी भरायच्या आधी कामाचे बैल तेवढे ठेवून बाकीचं सगळं गोहन, म्हणजे गावाचा कळप, पलीकडच्या डोंगरातल्या जंगलात हाकत नेतात आणि दसऱ्याला परत आणतात. बापजाद्यांपासूनची रीत. ज्या चार महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप, नेमक्या त्याच चार महिन्यांत टापूवर शेण नसतं.

सर उठून उभे राहिले. ‘मले कोनी सांगतलं काहून नाई?’

‘तुले काय सांगू?’ गोदाबाईंनी भाजी बाजूला ठेवली. ‘लहानपनी तूच तं गोहन घेऊन जात होता. दसऱ्याले घरी यायचा तं वळखू येत नव्हता.’

ते खरं होतं. अख्ख्या टापूला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं. सूर्य उगवतो हे जसं कुणी कुणाला सांगत नाही तसं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तोंडाला पदर लावला. सरांनी आधी स्वतःच्या कपाळावर हात मारला, मग टाकीवर मारला, आणि मग आमच्या आधी तेच हसत सुटले. परत येताना डोंग्यात ते बोटांवर काहीतरी मोजत होते. उतरताना म्हणाले, ‘पुढच्या वर्षी ढोरं जाणार नाई. ठरलं मंग.’

आणि खरंच गेली नाहीत. त्यासाठी सरांनी टापूच्या पारावर किती आरडाओरडा केला असेल देव जाणे. साहेबांनीही आशा दाखवली होती: या पावसाळ्यात दिवा रोज लागला तर मोठी टाकी आणि तिच्यावर चालणारं इंजिन मिळेल. इंजिनावर पिठाची चक्की बसेल. तरुण घरांनी सांगितलं, चक्की बसली तर आम्ही थांबतो. सगळं त्या दिव्यावर येऊन ठेपलं.

पण ढोरं टापूवर ठेवायची म्हणजे त्यांना खायला घालायचं. बांधावरचं गवत आठवड्यातच संपलं. मग नदीच्या या काठावरून गवत कापायचं, भारे बांधायचे, डोंग्यातून न्यायचे आणि डोक्यावर घेऊन ती निसरडी चढण चढायची. हे काम बायांचं. पारावर बोलताना हे कुणी काढलं नव्हतं आणि बायांना कुणी विचारलंही नव्हतं. मी त्या श्रावणात एकदा टापूवर गेले तेव्हा दिवा झकास लागत होता. गोदाबाई तेव्हा साठीच्या आसपास असतील. ओल्या गवताचा भारा उतरवून त्या माझ्याशी बोलायला बसल्या आणि मान काही सरळ होईना.

‘दिवा चांगला हाय, मॅडम,’ त्या म्हणाल्या. ‘इच्चू-काटा दिसते. पोरंसोरं वाचते त्याच्याखाली. पन मान लय दुखून राहिली.’

मला राहवलं नाही. परतीच्या डोंग्यात मी सरांना सुनावलं. ‘सर, दिवा तुम्ही लावलात. पण त्याचं ओझं तुमच्या बहिणीच्या डोक्यावर आहे.’

डोंगेवाल्यानं मान खाली घातली. सर एकदम उठले, डोंगा हलला, डोंगेवाला ओरडला तसे पुन्हा बसले.

‘मले दिसत नाई का, मॅडम? मले सगळं दिसून राहिलं. पन ढोरं पाठवली तं दिवा जाते. दिवा गेला तं लोक जाते. लोक गेले तं बाई एकटी. सांगा तुम्ही, काय करू?’

 मी शिकवायचे कविता; हे गणित मला कुठलं सुटायला?

भादव्यात साहेब पाहणीला येतो म्हणाले. त्याआधी चार-पाच दिवस पावसाची झड लागलेली. डोंगा बंद. बायांना गवताला येता येत नव्हतं, ढोरं अर्धपोटी, गॅसही बेताचा. पण ओढाताण केली तर दिवा लागण्यापुरता होता. पूर चढायच्या आधीच सरांनी निरोप पाठवला होता की बुधवारी साहेब काठावर येतील, तेवढा दिवा चुकवू नका. साहेबांना ते म्हणाले, ‘पलीकडं जायची गरजच नाई साब, यहीं से दिखता है.’

आम्ही शाळेतले चार-पाच जण कौतुकानं गेलो होतो. पाऊस थांबला होता, नदी गढूळ आणि रुंद. साहेब छत्री टेकून उभे. दिवेलागणीची वेळ झाली. रामाकोन्यातले दिवे लागले. समोर टापूवर झाडं काळी पडत गेली. खांबाच्या जागी काही नाही.

‘अभी जलेगा, साब. पाच मिनिट.’ सर काठानं वर जाऊन आले, खाली जाऊन आले. हाताचा कर्णा करून त्यांनी हाक मारली, ‘बाई! ए बाई!’ नदीच्या आवाजात ती हाक या काठावरच विरली. डोंगेवाल्याला त्यांनी डोंगा काढायला सांगितलं. त्यानं हात जोडले. सर स्वतःच दोर सोडायला गेले तेव्हा आमच्यातल्या दोघांनी त्यांना धरलं. मलाही भीती वाटू लागली होती. टाकी फुटली असेल, गोदाबाईंना काही झालं असेल, काय काय मनात येत होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ‘मास्टरजी, मुझे तो अंधेरा ही दिख रहा है. मैं क्या लिखूँ?’ आणि जीपमध्ये बसून गेले.

पुढचा दिवस सरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. शाळेत आलेच नाहीत. पाणी ओसरल्यावर पहिल्याच डोंग्यानं पलीकडे गेले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरले ते दारातूनच बोलत.

झालं होतं असं. टापूवरची एक तरुण सून मंगळवारपासून अडली होती. डोंगा बंद, सुईण टापूवरचीच. झडीनं सगळं सरपण भिजलेलं, चूल पेटेना. बुधवारी संध्याकाळी गोदाबाईंनी दिव्याची तोटी बंद केली आणि होता नव्हता तेवढा गॅस शेगडीला सोडला. गरम पाणी, शेक, सगळं त्याच शेगडीवर. पोर झाली. दोघी सुखरूप. त्यानंतर दोन दिवस दिवा लागलाच नाही, शेगडीच चालू.

‘मी म्हटलं, बाई, साहेब येणार होते, तुले मायीत होतं ना?’ सर हातवारे करत सांगत होते. ‘तं म्हणते, मायीत होतं. साहेबाले दिवा दाखवू का पोरीले गरम पानी देऊ? मी म्हटलं, एक तास तं लावाचा! एकच तास! तं म्हणते, त्या एका तासात पोरगी गेली असती तं?’

ते खिडकीशी गेले, परत आले. ‘बाईचं बरोबर हाय, मॅडम. एकदम बरोबर हाय. पन एक तास...’ आणि मग टेबलावर कोपरं टेकून, सगळ्यांसमोर, तो माणूस लहान मुलासारखा रडला. कशासाठी रडले ते मी विचारलं नाही. आनंदही होता त्यात आणि चक्की गेल्याचं दुःखही. त्या दिवशी मला ढोके सर फार आवडले.

सर साहेबांकडे गेले, सगळी हकिकत सांगितली. ‘तुम्ही दिवा पाहायले आलते साहेब, तिथं त्याच्यापेक्षा मोठं काम चालू होतं,’ असं म्हणाले. साहेबांना पटलंही असेल. पण कागद पुढे गेलेला होता. मोठी टाकी दुसऱ्या गावाला मिळाली. दिवाळीनंतर टापूवरची तरुण घरं एकेक करून या काठावर आली. कुणी भांडलं नाही. जाताना सगळ्यांनी गोदाबाईंच्या पाया पडून निरोप घेतला म्हणे. जिचं बाळंतपण त्या शेगडीवर झालं ते घर तेवढं थांबलं, आणि काही म्हातारे.

त्याच सुमारास माझी बदली पांढुर्ण्याला झाली. सरांची बातमी अधूनमधून कानावर यायची. नवीन काही काढलं नाही म्हणायचे. शाळा सुटली की सायकल घेऊन कुठेतरी जातात, कुठे ते सांगत नाहीत. मला वाटलं, थकला माणूस. वाईट वाटलं आणि जरा सुटल्यासारखंही वाटलं. एवढी धावाधाव जन्मभर कुणी करावी?

मग दोन-तीन वर्षांनी, भादव्यातच, मी छिंदवाड्याहून बसनं परत येत होते. रामाकोन्याजवळ नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं म्हणून गाडी थांबली. लोक खाली उतरले. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. पाय मोकळे करायला मी नदीकडे गेले तर काठावरच्या पायवाटेनं एक हिरवा भारा चालत येताना दिसला. त्याखाली चिखलानं भरलेले पाय, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि डोळ्यांवर ओघळलेलं गवताचं पाणी. ओळखायला मला वेळ लागला.

‘सर!’

डोक्यावर भारा असल्यानं त्यांना मान वळवता येईना. ते सगळेच्या सगळे वळले.

‘अरे, मॅडम! इकडं कुठं?’

‘हे काय चालवलंय तुम्ही?’

‘ढोरं हाय ना टापूवर. दिव्या-शेगडीपुरती चार-सहा हाय अजून. गवत तं लागन.’

‘आणि गोदाबाई?’

‘बाईची मान धरली. डाक्टरनं वजन उचलू नको म्हणून सांगतलं.’ त्यांनी डोक्यावरचा भारा सावरला. ‘दिवा मीच लावला ना, मॅडम. मंग भारा मीच आणला पाह्यजे.’

रोज येता का, असं मी विचारलं. पावसाळ्यात रोज, म्हणाले. पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेत दिवसभर उभा राहून सौंसरहून सायकलनं यायचं, गवत कापायचं, पलीकडे पोचवायचं आणि परत फिरायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांचा रागही आला. गडी लावा, पोरांना सांगा, असं काहीतरी मी बोलले. ते हसले फक्त. डोंगेवाला घाई करत होता. सरांनी भारा डोंग्यात टाकला, त्यावर हात ठेवून बसले आणि डोंगा धारेला लागला.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी मी हलले नाही. पलीकडच्या काठावर गोदाबाई येऊन उभ्या होत्या. गळ्याभोवती काहीतरी गुंडाळलेलं एवढंच इथून कळत होतं. डोंगा टेकला. सर उतरले, भारा ओढून काठावर घेतला. गोदाबाई पुढे झाल्या आणि सवयीनं त्यांनी दोन्ही हात भाऱ्याला लावले. सरांनी ते हात बाजूला केले. थोडा वेळ तिथं दोघांची काहीतरी वादावादी चालली असावी. मग सर खाली वाकले, त्यांनी तो भारा आपल्या डोक्यावर चढवला आणि ती निसरडी चढण चढू लागले. मागून गोदाबाई, हात मोकळे.